गाठोड्यातली हाक

आवाज आला होता, पण तो कुणालाच ऐकू येत नव्हता. सकाळी साडेआठ वाजता ज्ञानदा पारकर हे कोडं पुढ्यात घेऊन आजोबांच्या संगणकासमोर बसली होती. पडद्यावर चारशे बारा फायलींची लांबलचक यादी होती. प्रत्येक फायलीत समुद्राच्या पोटातला एकेका तासाचा आवाज होता. पण कुठलीही फाईल उघडायला गेलं की संगणक एकच वाक्य दाखवायचा, 'ही फाईल वाचणारा प्रोग्राम सापडला नाही.'

एरवी ज्ञानदानं त्या फायलींचा नाद सोडून दिला असता. आज तसं करून चालणार नव्हतं, कारण आंबेखोलच्या खाडीत देवमाशाचं पिल्लू अडकलं होतं.

रात्रीच्या भरतीबरोबर ते वाट चुकून आत आलं, ओहोटीला पाणी उतरलं आणि खाडीच्या तोंडाशी असलेला वाळूचा बांध उघडा पडला. परतीची वाट बंद झाली. आता ते डोंगरामागच्या वळणावरच्या खोल डोहात गोल गोल फिरत होतं. पंधरा फूट लांबीचं, पण वयानं अगदी तान्हं. बाहेर समुद्रात त्याची आई येरझारा घालत होती. ती हाका मारत असणार हे सगळ्यांना कळत होतं. पण मधे वाळूचा बांध आणि डोंगराचं वळण असल्यामुळे तिचा आवाज डोहापर्यंत पोचत नव्हता.

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी पुन्हा पूर्ण भरती येणार होती. पौर्णिमेनंतरचं हे शेवटचं मोठं उधाण. उद्यापासून पाणी रोज थोडं थोडं कमी चढणार होतं आणि बांधावरून पिल्लाला पोहून जाता येईल एवढी खोली पुढचे दहा-बारा दिवस मिळणार नव्हती. आईच्या दुधाशिवाय एवढे दिवस त्यानं तग धरणं शक्यच नव्हतं.

हे सगळं सांगितलं नसीमाताईनं. नसीमा मुकादम गावातल्या सागर केंद्रात काम करायची. तिच्याकडे 'तारली' नावाचा, होडीएवढ्या लांबीचा एक पोहणारा रोबो होता. तारलीच्या पोटाखाली पाण्यात आवाज सोडणारा कर्णा बसवलेला होता. आईची हाक तारलीच्या कर्ण्यातून वाजवायची आणि पिल्लाला मागे मागे घेऊन बांधापलीकडे न्यायचं, असा तिचा बेत होता. जुनं ध्वनिमुद्रण चालणार नव्हतं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका खाडीत तसं करून पाहिलं होतं. तिथल्या पिल्लानं तीच ती हाक दोनदा ऐकली आणि पाठ फिरवली. म्हणून आई या क्षणी जे म्हणतेय तेच त्याला ऐकवायला हवं होतं.

ते ऐकणारा कान समुद्रात होता. ज्ञानदाच्या आजोबांनी, दिगंबर पारकरांनी, वीस वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाबाहेर एक हायड्रोफोन (पाण्याखाली ऐकणारा मायक्रोफोन) नांगरून ठेवला होता. तो अजून इमानेइतबारे ऐकत होता आणि ऐकलेलं रेडिओलहरींवरून पाठवतही होता. आजोबांच्या संगणकात त्या लहरींच्या फायली साठत होत्या आणि तारलीलाही त्या लहरी पकडता यायच्या. पण हायड्रोफोन आवाजाचं गाठोडं बांधून पाठवायचा, आणि ते सोडायचं कसं हे आजच्या कुठल्याही यंत्राला ठाऊक नव्हतं. आजोबांचं जुनं यंत्र गेल्या वर्षीच बंद पडलं होतं. नसीमाताईनं मोठ्या संस्थेत विचारून पाहिलं, तर उद्या बघून सांगतो असं उत्तर आलं.

आजोबा खुर्चीत टेकून बसले होते. चारच दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे डोळ्यांवर हिरवी पट्टी आणि पडद्याकडे बघायची सक्त बंदी. पण बातमी ऐकल्यापासून त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरत होती. त्यांनी ज्ञानदाला कपाटातली निळी डिस्क काढायला सांगितली आणि तिच्यात 'नादगाठ' नावाचं काही आहे का ते बघायला लावलं.

ते होतं. नादगाठ ही एक लायब्ररी होती (लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामना हवं तेव्हा वापरता येईल असा, एखादं काम करून देणाऱ्या सूचनांचा संच). आवाजाची गाठोडी बांधणं आणि सोडणं एवढंच तिचं काम.

आवाजाचं गाठोडं बांधतात तरी कसं, हे ज्ञानदाला कळेना. आजोबांनी तिला चार आकडे कागदावर लिहायला सांगितले: १००, १०२, १०३, १०१. आवाज म्हणजे पाण्यातल्या दाबाचे चढउतार. सेकंदाला हजारो वेळा ते मोजले की असे आकडे मिळतात. लागोपाठचे आकडे एकमेकांच्या आसपासच असतात. मग दर वेळी पूर्ण आकडा कशाला पाठवायचा? पहिला १०० पाठवायचा आणि पुढे फक्त फरक: दोन जास्त, एक जास्त, दोन कमी. फरक लहान असल्यामुळे ते थोड्या जागेत मावतात आणि समुद्रातल्या हायड्रोफोनची बॅटरी वाचते. गाठोडं सोडायचं म्हणजे ते फरक पुन्हा जोडत जाऊन मूळ आकडे मिळवायचे. खऱ्या नादगाठीत आणखी बऱ्याच युक्त्या होत्या, पण मूळ गोम हीच होती.

ज्ञानदानं डिस्कवरच्या तयार प्रोग्रामवर टिचकी मारली. संगणकानं तो चालवायला साफ नकार दिला.

"तो नाही चालायचा," आजोबा म्हणाले. "तो जुन्या यंत्रासाठी बनवलेला आहे. शेजारी सोर्स कोड असेल बघ. तो आपल्या कामाचा."

मग त्यांनी तिला बंदरातल्या भोंग्यांचं उदाहरण दिलं. समजा, दोन बंदरं आहेत. एका बंदरात दोन लांब भोंगे म्हणजे 'आत या', दुसऱ्यात तेच दोन भोंगे म्हणजे 'थांबा'. होडी चालवणाऱ्या तांडेलाला वाचता येत नाही, फक्त भोंगे कळतात. आता 'आत ये, उजवीकडे वळ, नांगर टाक' अशी मराठीत चिठ्ठी लिहिली, तर ती त्या त्या बंदराच्या भोंग्यांत कुणीतरी बदलून द्यायला हवी. संगणकाचा प्रोसेसर (सूचना अमलात आणणारा मुख्य भाग) त्या तांडेलासारखा असतो. त्याला फक्त आकड्यांतले हुकूम कळतात, आणि प्रोसेसरच्या प्रत्येक घराण्याचे हुकूम वेगळे. माणसं लिहितात ती चिठ्ठी म्हणजे सोर्स कोड (माणसाला वाचता येईल अशा भाषेतला प्रोग्राम). आणि ती चिठ्ठी भोंग्यांत बदलून देतो तो कंपायलर.

"म्हणजे या डिस्कवर आधीच्या बंदराचे भोंगे आहेत," ज्ञानदा म्हणाली, "पण चिठ्ठीही आहे."

चिठ्ठी होती, कारण नादगाठ ओपन सोर्स होती (जिचा सोर्स कोड कुणालाही वाचायला, बदलायला आणि इतरांना द्यायला मोकळीक असते अशी). लिहिणाऱ्यांनी नुसते भोंगे देऊन चिठ्ठी कुलपात ठेवली असती, तर आज सगळं तिथंच संपलं असतं.

ज्ञानदानं सोर्स कोडचं फोल्डर उघडलं. आत चौसष्ट फायली आणि 'आधी मला वाचा' अशा नावाचा एक कागद. तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. पहिलं काम होतं तपासणीचं. तिनं एक छोटी आज्ञा टाईप केली आणि संगणक स्वतःचीच झडती घेऊ लागला: कंपायलर आहे का, आहे, प्रोसेसर कुठला, नोंदला, गणिताची लायब्ररी आहे का, नाही. तपासणी तिथंच थांबली.

ज्ञानदाचा चेहरा पडला. एक लायब्ररी बनवायला आधी दुसरी लागते, मग तिला तिसरी लागली तर? आजोबांना तिचा उसासा ऐकू आला असावा. त्यांनी समजावलं की नादगाठ लिहिणाऱ्यांना अवघड गणितं करायची होती आणि ती दुसऱ्या कुणीतरी आधीच उत्तम करून ठेवली होती. मग ती पुन्हा लिहीत बसण्यापेक्षा त्यांनी त्या लायब्ररीवर भिस्त ठेवली. ती अजूनही सगळ्यांसाठी खुली होती. ज्ञानदानं ती इंटरनेटवरून उतरवून घेतली, तपासणी पुन्हा चालवली, आणि या वेळी पडद्यावर खालपर्यंत 'आहे, आहे, आहे' असं उमटत गेलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

आता कंपायलर सुरू करायचा. तिनं आज्ञा दिली. पहिली फाईल आत गेली, दुसरी गेली, आणि तिसरीपाशी पडदा लाल अक्षरांनी भरून गेला. चुका त्र्याहत्तर.

त्र्याहत्तर चुका दुरुस्त करायला त्र्याहत्तर दिवस लागतील, असं ज्ञानदाला वाटलं. नसीमाताई खिडकीशी उभी राहून खाडीतल्या पाण्याकडे बघत होती.

"फक्त पहिली वाच," आजोबा म्हणाले. "बाकीच्या तिच्याच पोरीबाळी असतात."

पहिल्या चुकीत फाईलचं नाव आणि ओळीचा क्रमांक होता: एक्केचाळीस. ज्ञानदानं ती ओळ उघडली. तिथं लिहिणाऱ्यानं एक नवा शब्द तयार केला होता: 'बूल'. ज्या खणात फक्त 'हो' किंवा 'नाही' मावेल अशा खणाचं ते नाव. आणि कंपायलर म्हणत होता, हा शब्द तुम्हाला तयार करता येणार नाही, तो राखीव आहे.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. राखीव आहे, तर मग तेव्हा कसा चालला? तिनं आजोबांना विचारलं की प्रोग्रामिंगच्या भाषाही बदलतात का. आजोबा ताठ बसले. बदलतात तर, ते म्हणाले. दर काही वर्षांनी नियम नव्यानं ठरतात आणि लोकांना सारखे लागणारे शब्द भाषा स्वतःच्या कोशात घेते.

"मग ही ओळ लागणारच नाही," ज्ञानदा घाईघाईनं म्हणाली. "तेव्हा भाषेकडे हा शब्द नव्हता म्हणून त्यांनी घरी बनवला. आता भाषेकडेच आहे. आपण बनवायला गेलो म्हणून ती अडवतेय."

आजोबांनी मूळ फायलीची प्रत काढून ठेवायला सांगितलं आणि मग म्हणाले, काढून बघ. ज्ञानदानं ती एक ओळ काढली आणि श्वास रोखून पुन्हा आज्ञा दिली. तिसरी फाईल गेली. चौथी गेली. दहावी, विसावी, चाळिसावी! नावं सरसर वर सरकू लागली. त्र्याहत्तर चुकांपैकी एकही उरली नव्हती. चौसष्टाव्या फायलीनंतर जोडणी झाली (वेगवेगळ्या फायलींचे भोंगे एका माळेत ओवायचं शेवटचं काम) आणि फोल्डरमध्ये एक नवी फाईल दिसू लागली. नादगाठ, आजच्या संगणकासाठी.

तिनं ताबडतोब कालच्या दुपारची फाईल लावली. आधी नुसती खरखर ऐकू आली, मग कोळंब्यांची चटचट. आणि मग खोलवरून, पोटात घुमल्यासारखा एक हलका हुंकार आला. लगेच त्याच्याहून बारीक दुसरा. आई आणि पिल्लू. आदल्या दिवशी दोघं बरोबर होती आणि अगदी दबक्या आवाजात बोलत होती. नसीमाताईनं तोंडावर हात ठेवला. आजोबांचा ताल थांबला होता.

साडेअकराला ज्ञानदा आणि नसीमाताई स्कूटरवरून धक्क्यावर पोचल्या. मेमरी कार्डावर उतरवलेली नादगाठ ताईनं तारलीत घातली. तारली एरवी गोड आवाजात बोलायची. आता ती म्हणाली, "या सूचना मला कळत नाहीत."

ताईनं कार्ड काढून पुन्हा घातलं. तेच उत्तर आलं. कार्ड खराब आहे की काय असं म्हणत ती दुसरं शोधायला लागली. ज्ञानदा मात्र तारलीचं वाक्य मनात घोळवत होती. समोर भरतीचं पाणी धक्क्याची पाचवी पायरी चढत होतं. एकाएकी तिला उमगलं, आणि ती इतक्या जोरात बोलली की जवळचे दोन बगळे उडाले.

"ताई, तारली हे वेगळं बंदर आहे! आपण तिच्यासाठी घरच्या संगणकाचे भोंगे आणलेत."

तारलीचा प्रोसेसर घरच्या संगणकाच्या घराण्यातला नव्हताच. कमी विजेवर चालावा म्हणून तो निराळ्या जातीचा बसवला होता. पण चिठ्ठी तर त्यांच्या हातात होती, तीही दुरुस्त केलेली. तारलीच्या भोंग्यांत बदलणारा कंपायलर नसीमाताईच्या केंद्रातल्या कार्डावर होता. ते घेऊन स्कूटर घराकडच्या चढावर धावली.

घरी पोचल्यावर ज्ञानदाला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. तिनं तपासणी पुन्हा चालवली, पण या वेळी आज्ञेच्या शेवटी यंत्र म्हणून तारलीचं नाव घातलं. गणिताची लायब्ररी आधी तारलीसाठी बनवली, मग नादगाठ. घरच्या संगणकानं स्वतःला न कळणारे भोंगे दुसऱ्या यंत्रासाठी लिहून काढले. चौसष्ट फायली, चुका शून्य. बारा वाजून अडतीस मिनिटं.

धक्क्यावर ताईनं नवीन कार्ड घातलं आणि ती तारलीला लगेच पाण्यात सोडायला निघाली. ज्ञानदानं तिचा हात धरला. नादगाठीच्या एका फायलीत तिनं सकाळी एक टिपण वाचलं होतं. दूरदेशीच्या कुणा अनोळखी माणसानं पुढच्यासाठी लिहून ठेवलं होतं, 'घाई असली तरी चाचण्या चालवा. घाई असली तर नक्कीच चालवा.' चाचण्या म्हणजे ओळखीची गाठोडी सोडून बघायची आणि आतून आलेले आकडे आधीपासून ठाऊक असलेल्या आकड्यांशी ताडून बघायचे. तारलीनं चुकून भलताच आवाज काढला आणि पिल्लू घाबरून आणखी आत पळालं, तर पुन्हा संधी नव्हती.

ताईनं घड्याळ बघितलं आणि मान हलवली. चाचण्या अडतीस होत्या. तारली एकेक आकडा मोजत गेली. तीन मिनिटं ज्ञानदाला तीन तासांएवढी वाटली.

"अडतीसपैकी अडतीस बरोबर," तारली म्हणाली.

एक वाजता ती खाडीत शिरली. ज्ञानदा आणि नसीमाताई मागून लहान होडीतून अंतर ठेवून जात होत्या. वळणावर तारलीनं समुद्रातल्या लहरी पकडल्या, पाठोपाठ येणारी गाठोडी एकेक करून सोडली आणि कर्ण्यातून तो हुंकार पाण्यात उतरवला. होडीच्या फळ्यांतून तो ज्ञानदाच्या तळपायांना जाणवला.

डोहातलं फिरणं थांबलं. काळसर पाठ पाण्याखाली गेली. बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग तारलीच्या अगदी मागे फुस्कन पाण्याचा फवारा उडाला.

पिल्लू येत होतं. मधेच थबकायचं, तेवढ्यात समुद्रातली आई वेगळ्या सुरात हाक मारायची आणि ते पुन्हा निघायचं. ती हाक तिनं त्याच क्षणी मारलेली होती, म्हणून तिच्यात जीव होता. एक वाजून चोवीस मिनिटांनी तारली बांधावरून पलीकडे गेली. पिल्लाचं पोट वाळूला घासलं, शेपटी दोनदा पाण्यावर आपटली, आणि ते निसटून खोल पाण्यात पडलं. आता त्याला तारलीची गरज उरली नव्हती. पलीकडून एक प्रचंड पाठ वर आली आणि पिल्लू तिच्या कुशीला जाऊन चिकटलं. नसीमाताई हसत होती आणि डोळेही पुसत होती. ज्ञानदाला बसल्या जागी नाचावंसं वाटत होतं, पण होडी हलेल म्हणून तिनं स्वतःला आवरलं.

संध्याकाळी आजोबांनी तिला आणखी एक काम सांगितलं. ती काढलेली ओळ तिनं नादगाठीच्या इंटरनेटवरच्या सामायिक भांडारात (जिथं तिचा सोर्स कोड सगळ्यांसाठी ठेवलेला होता) कळवायला हवी होती, म्हणजे पुढच्या माणसाला त्र्याहत्तर चुका दिसणार नाहीत. ज्ञानदाला वाटलं, एवढीशी एक ओळ, ती कोण बघणार? तरी तिनं फायलीचं नाव, ओळीचा क्रमांक आणि कारण नीट लिहिलं. शेवटी आपलं नाव आणि गाव टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी उत्तर आलेलं होतं. उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावरून कुणी लिहिलं होतं की त्यांनी बर्फाखाली पाच हायड्रोफोन सोडले आहेत. बर्फ कसा तडकतो, वितळतो ते ऐकायला. जुनं यंत्र बिघडल्यापासून चार महिने त्यांची गाठोडी तशीच पडून होती आणि चूक काही सापडत नव्हती. आज सकाळी त्यांनी ज्ञानदाची दुरुस्ती घेतली, त्यांच्या यंत्रासाठी नादगाठ नव्यानं बनवली, आणि आता सगळे कानाला यंत्र लावून बसलेत. सोबत एक छोटी आवाजाची फाईल जोडलेली होती.

ज्ञानदानं दप्तर खाली ठेवलं, आजोबांना हाक मारली आणि फाईल उघडली. हजारो कोसांवरचा बर्फ त्यांच्या खोलीत हळूच कुरकुरला.